तेरा तारखेच्या आत ब्रेक

१५ एप्रिल १९७९, रविवार
काल भीमजयंतीच्या मिरवणुकीत आमच्या जीपचा ब्रेक गेला. ४४ सालची मिलिटरी जीप. बाबांनी रिटायर झाल्यावर देवळाली कॅम्पच्या लिलावात घेतलेली. स्टिअरिंगवर मी. ब्रेकची नळी फुटली आणि जीप उतारावरून सरळ सावळीराम मास्तरांच्या सरबताच्या पिंपात. कोणाला लागलं नाही. पण मास्तरांची मुलगी चांगुणा तिथेच ग्लास भरत होती. कमरेपर्यंत लिंबू सरबत. मास्तर माइकवरून म्हणाले, "ज्याला गाडी थांबवता येत नाही, त्यानं चालवू नये." चांगुणा हसली. मनात काही नसतं तर हसली असती का?

संकल्प: ब्रेकच्या सगळ्या नळ्या मी एकटा बदलणार. आठ दिवसांत. मग मास्तरांच्या दारासमोर करकचून ब्रेक मारणार आणि तिला मागणी घालणार.

बाबा म्हणाले, काळू मिस्त्रीला बोलाव. म्हणजे माझ्यावर विश्वास नाही. बाबांशी बोलणं बंद.

१७ एप्रिल
काळू मिस्त्री न बोलावता आला. माझी तांब्याची नळी बघून म्हणाला, "ही फ्रीजची हाय. ब्रेकला लोखंडी लागती. फुटंल." मी सांगितलं, ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतो आणि पास्कल मी कॉलेजात शिकलोय. (अर्धा. त्याच तासाला सरांशी भांडून बाहेर पडलो, तो कॉलेजात परत गेलोच नाही. चांगुणा अजून त्याच वर्गात आहे. तो वेगळा विषय.) काळू म्हणाला, "मंग पास्कललाच बोलाव नट खोलायला." त्याच्याशीही बंद.

संध्याकाळी गुपचूप लोखंडी नळी आणली.

२२ एप्रिल, दुपार
आठ दिवस झाले. एक नट निघाला. अमेरिकन नट, इंचाचा पाना लागतो. माझ्याकडे मिलिमीटरचा. नटाचे कोपरे गेले, बोटांची सालं गेली. चंदर मदतीला आला होता. चुकीचा पाना दिला म्हणून ओरडलो, तर निघून गेला. जिवलग मित्र म्हणे! बंद.

जीपखालून मास्तरांचं दार दिसतं. आज त्यांच्याकडे घोटीचे पाहुणे. दोन बायका, एक म्हातारा, एक मनगटी घड्याळवाला. तांदळाचं काही असेल. घोटीचा तांदूळ चांगला असतो म्हणतात.

२८ एप्रिल
जुन्या बाजारातून इंचाचा पाना आणला. नळ्या बसल्या! चारही चाकांना.
बाबांनी माझ्या ताटाजवळ एक पिवळं पाकीट ठेवलं. बाबांनी ठेवलेली वस्तू मी उघडत नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३० एप्रिल
पेडल दाबलं की थेट तळाला. नळ्यांत हवा आहे. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी बसून हवा सोडायचा निपल सैल करायचा. हवा निघाली की निपल घट्ट, मग पेडल सोडायचं. हे काम एकट्याचं नाही, असं मला आधी कोणी सांगितलं नाही.

पेडलवर वीट ठेवली. हलकी. पाटा ठेवला. पाटा दाबतो, पण सोडत नाही. शेवटी आईला बसवलं. बिचारी पाऊण तास मनापासून दाबत होती. क्लच.

कॉलनीत माझ्याशी बोलणारी माणसं मोजली. आई.

५ मे
चांगुणा आली! स्वतःहून. म्हणाली, "किती दिवस लोळतोयस रे जीपखाली? मी दाबते. पण ओरडायचं नाही. ओरडलास की मी चालले."

दोन तास. ती वरून "दाबलंय", मी खालून "धर", मग "सोड". बुडबुडे निघत राहिले. मी विचारलं, पेडल इतकं मऊ का होतं? म्हणाली, "हवा दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. तासाच्या उरलेल्या अर्ध्यात सरांनी तेच शिकवलं. तू थांबला नाहीस." एरवी मी भडकलो असतो. पण दोन तास एकदाही ओरडलो नाही. मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं.

पेडल दगडासारखं घट्ट झालं. हात पुसत ती म्हणाली, "मल्हारी, तुला एक सांगायचंय." मी म्हणालो, "आत्ता नको. मला माहीत आहे." तिनं विचारलं, "माहीत आहे?" मी हो म्हणालो. "मग बरं झालं," म्हणाली आणि गेली.

बरं झालं! तिचे शब्द.

६ मे
मास्तरांच्या दारासमोर ब्रेक मारला. जीप जागच्या जागी. मास्तर बाहेर आले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तेरा तारखेला गाडी लागेल. फुलं लावू. चालवायला तूच ये." जरा घाई होतेय, पण आपली ना नाही. शर्ट इस्त्रीला दिला.

१३ मे, सकाळी ६
चंदर झेंडूच्या माळा घेऊन आला. माझा शर्ट बघितला, चेहरा बघितला. म्हणाला, "तू पाकीट उघडलं नाहीस ना?"

उघडलं. लग्नपत्रिका. चांगुणा आणि तो घड्याळवाला. स्थळ घोटी. पंधरा दिवस माझ्या ताटाजवळ होतं.

पाना घेऊन मागच्या चाकाशी बसलो. निपल अर्धा फेरा सैल केला की पुरे. हात निपलवर होता. किती वेळ ते माहीत नाही. मग आठवलं, आत ती बसणार आहे. घट्ट केला. बाकीची तीनही चाकं तपासली. पुन्हा पहिलं तपासलं.

१३ मे, दुपारी ३, घोटी
विल्होळीच्या उतारावर म्हैस आडवी आली. ब्रेक मारला. चारही चाकं धरली. मागे पांढऱ्या साडीत चांगुणा, तिच्या केसांतलं फूलसुद्धा पडलं नाही. मास्तर म्हणाले, "आता येतं हो तुला थांबवायला." मागून चांगुणा म्हणाली, "पेडल मी दाबलंय, बाबा." सगळे हसले. मी आरशात बघितलं नाही.

लग्न लागलं. मी जीपमध्येच बसून होतो. पंगतीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, नाशिकचा ड्रायव्हर जेवला का?"

कोणाशी भांडावं कळेना. हात वर केला.

घोटीचा तांदूळ खरंच चांगला असतो.