कोपर आत घे

ओसाका, ९ नोव्हेंबर

बाबा,

नमस्कार. संत्र्यांची... चुकले, मिकानची पेटी परवा पोचली. ओसाकात वीस वर्षं काढली की फळांचीसुद्धा नावं चुकतात, असं तुम्ही म्हणालच, म्हणून मीच आधी म्हणून टाकते. एकही फळ दबलेलं नव्हतं. सालं वाळवून अंघोळीच्या पाण्यात टाकते आहे, आईसारखी. खोलीभर घरचा वास सुटला की दोन मिनिटं काही सुचत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? तोडणी जोरात चालू असेल. शेजारच्या निनोमिया काकू त्यांच्या गाडीतून तुमच्या पेट्या उतरवून देतात, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. त्यांना म्हणावं, तळलेल्या मासळीच्या वड्या पाठवू नका, वाटेत खराब होतात. पण तरी पाठवा.

एक गोष्ट आधीच लिहिते, कारण ती तारखेची आहे. वीस तारखेला तुम्ही गाडी चालवणं सोडून लायसन्स कचेरीत परत करायला जाणार आहात ना, ते जाऊ नका. कारण याच पत्रात आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला मला थोडं आडवळण घ्यावं लागेल, धीर धरा. तुम्हीच म्हणता, घाई कुणाला आहे, डोंगर कुठे पळून चाललाय!

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की मी कंपनीत नेमकं करते काय. शेजाऱ्यापाजाऱ्यांना तुम्ही 'काँप्युटरचं काम' म्हणून सांगता. खरं सांगायचं तर माझं काम आहे वेग. शर्यतीचे खेळ आम्ही बनवतो, त्यातली गाडी कुणी दुसरा काढतो, डोंगर कुणी तिसरा काढतो, आणि खेळणाऱ्याच्या पोटात खड्डा पडला पाहिजे, ती जबाबदारी माझी. गाडी कुठेच जात नसते, बाबा. माणूस खुर्चीत बसलेला, पडदा समोर टांगलेला. त्याला वाटायला हवं की आपण सुसाट निघालोय. सेहेचाळीस वर्षांची, स्वतः गाडी न चालवणारी बाई हे काम करते, म्हणून ऑफिसातले सगळे मला 'पादचारी बाई' म्हणतात.

या वर्षीचा खेळ काही केल्या पळेना. पडद्याच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा तीनशे दाखवायचा आणि खेळणारी पोरं जांभया द्यायची. आमचे साहेब मोरिवाकी म्हणाले, "आकडा वाढवा." आम्ही चारशे केला. जांभया तशाच. साहेब म्हणाले, "पाचशे करा." मी म्हटलं, "साहेब, विमानात आठशेनं जाताना तुम्ही झोपता ना?" साहेबांनी मला महिन्याची मुदत दिली.

चूक माझीच होती. मी रस्ता रुंद केला होता, छान, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना मोकळं आकाश. मला वाटलं, वेगवान गाडीला मोठा रस्ता हवा. एक दिवस बाजारातलं मिकान सोलत बसले होते आणि एकाएकी आपला रस्ता आठवला. शेडपासून वरच्या बागेपर्यंतचा. तुमचा पांढरा छोटा ट्रक. तुम्ही आयुष्यात त्या वाटेनं तीसच्या वर गेला नाहीत, आणि मला तर तिथे बसल्यावर वाटायचं की आता आपण उडणार.

का वाटायचं, ते मी आठवून आठवून लिहून काढलं. चढताना दगडी बांध माझ्या खिडकीला लागून असायचा. इतका लागून, की बांधातलं नेचं कोपराला घासून जायचं. मी आईच्या मांडीवर, कोपर बाहेर, आणि आई दर वळणाला ओरडायची, "सुमिए, कोपर आत घे!" मागे रिकाम्या पेट्या खडखडायच्या. सीट जमिनीपासून हातभर उंच, त्यामुळे रस्ता पायाखालूनच निघाल्यासारखा. आणि तुमच्या बाजूला, लांब समुद्रात, ते कुबड काढून बसलेलं बेट. ते मुळीच हलायचं नाही. जवळचं भुर्रकन जातं आणि लांबचं जागचं हलत नाही, तेव्हाच जिवाला कळतं की आपण धावतोय. आकड्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी मी रस्ता निम्म्याने अरुंद केला. कडेला दगडी बांध घातला, मध्ये विजेचे खांब, पण सारख्या अंतरावर नाही, कारण सारखं काही आलं की डोळा त्याला सरावतो आणि झोपतो. बघणाऱ्याची नजर खाली आणली, जमिनीपासून हातभर. गाडीनं जोर घेतला की ती नजरेच्या थोडी पुढे सटकते आणि नजर तिला मागाहून गाठते, असं केलं. पडद्याच्या कडा किंचित ताणल्या. पेट्यांची खडखड घातली. आणि एका ठिकाणी, जिथे आपल्याकडे जुन्या विहिरीपाशी बांध संपतो आणि एकदम मोकळं होतं, तिथे मी सगळे आवाज बंद केले, फक्त वारा ठेवला. दोन श्वास मोकळं, मग परत बांध अंगावर. तो परत येतो ना, तेव्हा खरा धसका बसतो. समुद्रात बेट ठेवलं. आकडा एकशेवीसवर आणला. साहेब म्हणाले, "म्हातारीची गाडी वाटेल." मी म्हटलं, "म्हाताऱ्याची आहे."

आमच्याकडे पद्धत अशी, की खेळ बाजारात आणण्याआधी त्याचं एक यंत्र गर्दीच्या खेळघरात नेऊन ठेवायचं आणि आपण ओळख न देता मागे उभं राहायचं. लोकांना विचारण्यात अर्थ नसतो. कागद दिला की सगळे 'फार मजा आली' असंच लिहितात, आपली माणसं किती सभ्य ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आम्ही तोंडं बघत नाही, खांदे बघतो. वळणावर माणूस खुर्चीत कलला तर खेळ जमला.

गेल्या गुरुवारी दुपारी मी अशीच हातात वही घेऊन उभी होते. एक कारकुनासारखे गृहस्थ आले, पन्नाशीचे, सुटातले. ऑफिसची बॅग दोन पायांमध्ये धरून बसले. पहिल्या वळणाला कलले. दुसऱ्यालाही. मी वहीत खुणा केल्या. मग बांध सुरू झाला, आणि बाबा, त्या माणसाने डावं कोपर झटकन अंगाशी घेतलं. तिथे बांध नव्हता हो. तिथे दुसऱ्या यंत्राची प्लास्टिकची भिंत होती, तीही चांगली वावभर लांब. पण त्याने कोपर आत घेतलं.

माझ्याबरोबरचा मुलगा "जमलं, जमलं!" म्हणून माझी बाही ओढत होता आणि मी तिथे यंत्राच्या मागे तोंड लपवून रडत होते. सहा वर्षं झाली आई जाऊन, आणि तिचा ओरडा त्या परक्या माणसाला ऐकू गेला असं मला वाटलं. त्याने वळून विचारलं असतं, तर मी त्याला सगळं सांगितलं असतं. मला तुम्हाला फोन करायचा होता. फोन काढला आणि परत पर्समध्ये ठेवला. पर्समध्ये हात घातला की आजकाल बोटांना एक वस्तू लागते, म्हणून.

आता सांगते.

किल्ली माझ्याकडे आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सणाला आले होते, तेव्हा ट्रकचा आरसा तुटलेला दिसला. तुम्ही म्हणालात, "बांध पुढे आलाय." मी म्हटलं, "बांध चारशे वर्षं तिथेच आहे." इथपर्यंत थट्टा होती. मग मी म्हटलं, "शाळेतलं एखादं पोर उडवल्यावर देणार का लायसन्स?" तुम्ही उठलात. टॉवेल घेतलात आणि अंघोळीला गेलात. तुमच्या पाठीकडे बघून मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याच वेळी भीतीही खरी होती. दाराशेजारच्या खिळ्यावर ट्रकची किल्ली होती. नळाचा आवाज येत होता. मी ती उचलून पर्समध्ये टाकली. दुसरी किल्ली मी दहा वर्षांची असताना धक्क्यावरून समुद्रात पाडली होती, हेही मला तेव्हा आठवलं. म्हणजे दोन्ही किल्ल्यांची चोर मीच.

परतीच्या आगगाडीत बसल्यावर वाटलं होतं, पोचले की फोन करून भांडेन. 'माझ्याकडे आहे, हवी तर येऊन घ्या' असं ठणकावून सांगेन. तुम्ही चिडाल, आदळआपट कराल, मग आपण ताळ्यावर येऊ. पण तुम्हाला माझा संशयच आला नाही. निनोमिया काकू सांगत होत्या, तुम्ही चार दिवस घर उलथंपालथं केलंत. मिठाच्या बरणीत हात घातलात. आईच्या फोटोपुढचा खण काढून जमिनीवर पालथा केलात. "तुझे बाबा बागेतसुद्धा गुडघ्यावर बसून शोधत होते गं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "असं का." चोराच्या मनात चांदणं.

आणि मग तुमचाच फोन आला. तुम्ही कधी आपणहून फोन करत नाही. तुम्ही म्हणालात, "सुमिए, तुझं खरं होतं. माझं डोकं आता राहिलं नाही. किल्ली कुठे ठेवली तेही आठवत नाही, गाडी काय चालवणार. वीस तारखेला जाऊन लायसन्स देऊन टाकतो."

मी म्हटलं, "हं."

बाबा, एवढंच म्हटलं मी. तुम्ही आणखी थोडा वेळ थांबला होतात, बहुतेक मी काही बोलेन म्हणून. मग "जेवत जा" म्हणून फोन ठेवलात. मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि त्यासाठी मी तुमच्या डोक्यावरचा तुमचाच विश्वास काढून घेतला. त्या 'हं'ने मला चार आठवडे झोपू दिलं नाही. तुमचं डोकं शाबूत आहे. किल्ली तुम्ही खिळ्यालाच लावली होती, गेली पन्नास वर्षं लावता तशीच. तुम्ही काहीही विसरला नाहीत. हे वाक्य दोनदा वाचा.

किल्ली या पत्रासोबत आहे. समक्ष द्यायचं धैर्य झालं नाही, म्हणून नोंदणी करून पाठवते आहे. सही करून घ्या. माझ्यावर रागवा, वर्षभर मिकान पाठवू नका, ते मी सोसेन.

पण एक मागते, आणि ते ऐकून मग काय ते ठरवा. आरसा तुटला होता हे खरं आहे आणि शाळेची पोरं त्या वाटेनं जातात हेही खरं आहे. माझी भीती मी परत घेत नाही, फक्त चोरी परत करते. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत मी गाडी शिकायला नाव घातलं. हसू नका. गिअरची गाडी शिकते आहे, कारण तुमचा ट्रक गिअरचा. मास्तर विशीतला आहे आणि माझ्यावर ओरडतो, "बाई, किती हळू! मागे रांग लागली!" वेगाच्या कामाचे पैसे घेणारी बाई चौकात गाडी बंद पाडते आणि घामाघूम होते. काल शिकाऊ परवाना मिळाला. आता रस्त्यावर चालवता येते, पण नियम असा, की शेजारी तीन वर्षांहून जुनं लायसन्स असलेलं माणूस बसलेलं हवं.

माझ्या ओळखीत असं एकच माणूस आहे ज्याच्या शेजारी मला बसायचंय. त्याने वीस तारखेला लायसन्स देऊन टाकलं, तर मी शिकणार कशी?

तेवीस तारखेला सुट्टी आहे. मी सकाळच्या गाडीने येते. शिकाऊ म्हणून लिहिलेली पाटी मी पुठ्ठ्याची करून आणते, ट्रकला पुढेमागे बांधू. गावातून शेडपर्यंत मी चालवीन, शाळेपुढून अगदी चालत्या माणसाच्या वेगाने. शेडपासून वर बागेपर्यंत तुम्ही चालवा, तीसनं. तिथे कुणी पोरं नसतात. मला एकदा ते परत हवंय, बाबा. इतकी वर्षं मी लोकांना खोट्या रस्त्यावर पळवते आहे आणि खरा रस्ता तुमच्याकडे आहे. मला आईची मांडी मिळणार नाही, तो रस्ता तरी मिळू दे. वसंतात माझं पक्कं लायसन्स आलं, की मग आपण दोघं मिळून कचेरीत जाऊ. तुम्ही तेव्हा तुमचं द्या किंवा देऊ नका. तुमचं डोकं शाबूत आहे, ते ठरवेल.

आणि उतरताना मी चालवीन. आई गेली त्या वर्षी तुम्ही एकदा म्हणाला होतात, "पन्नास वर्षं या वाटेनं गेलो, पण ते बेट धड बघितलं नाही. नजर रस्त्यावर ठेवायची की समुद्रावर?" त्याचं उत्तर आता देते. उतरताना बांध माझ्याकडे येतो आणि डावीकडची खिडकी समुद्राकडे असते. त्या खिडकीत तुम्ही बसा. त्या बाजूला नेचं नाही, भिंत नाही, आणि ओरडायला आई नाही. कोपर बाहेर ठेवा.

तुमची,
दोन्ही किल्ल्या हरवणारी,
सुमिए