आधी बांधलेलं पुस्तक

प्रिय ताई,

भाऊजींचा खोकला हटला का? नातीचं बाळंतपण नीट पार पडलं ना? तुझं शेवटी विचारतो, कारण विचारायला धीर होत नाही. भाऊजी म्हणाले, आता तू त्यांनाही ओळखत नाहीस.

मी आईवर पुस्तक लिहायला घेतलंय. तिला पाहिलेले आपण दोघंच उरलो. पण मी पडलो बाइंडिंगवाला! आधी कोरे कागद शिवले, कापडी पुठ्ठा चढवला, वर सोनेरी नाव छापलं. आता त्या देखण्या पानांवर पेन टेकवायची छाती होत नाही. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माझं कोण वाचणार? सूनबाई हसते, "मामंजी, लग्नाआधीच बारसं उरकलंत की!"

आज तुला लिहावं म्हणून कटिंगचे सुटे कागद ओढले, आणि हात अडेचना. अक्षरं तूच शिकवलीस, तुझ्यापुढे कसली लाज? पुठ्ठ्यांसाठी खळ ढवळणारी आई, ती खळ हळूच आपल्या नाकाला लावणारी आई, सगळं आपसूक उतरलं.

हे पत्र पाठवणार नाही. भाऊजींना ते तुला वाचून दाखवावं लागेल, आणि त्यांना रडू आवरणार नाही. त्यापेक्षा पुस्तकाचं पहिलं पान म्हणून हेच शिवीन.

फक्त एक अडलंय. खळ ढवळताना आई एक गाणं गुणगुणायची. चाल माझ्या कानात आहे, पण शब्द तुलाच येत होते. तेवढी जागा कोरी सोडलीय. मधेच कधी आठवले, तर ताई, लगेच लिहून कळव गं.

तुझा,
धाकटा