घरटी एक लाकूड

८ फेब्रुवारी, कल्याण

बाबा कालपासून आयसीयूत. वाल उपटता उपटता बांधावर बसले, घामानं निथळले आणि आडवेच झाले. शहापुरात ईसीजी काढला, तिथून थेट इथं. मोठा अटॅक आहे. डॉक्टर म्हणतात, आत्ताच काही सांगता येत नाही.

आत जाताना फोन बंद करायला लावतात. बंद करायच्या आधी बाबांचा फोटो स्टेटसला टाकला. तरुणपणीचा, काळा-पांढरा, हसणारा. खाली काय लिहावं ते सुचेना, तसाच ठेवला. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, बस.

विद्यापीठातल्या मॅडमना आज तिसरं प्रकरण द्यायचं होतं. एम.ए.चा प्रबंध: गावातली बातमी आणि व्हॉट्सअ‍ॅप. म्हणजे आमच्याच गावचा ग्रुप. (ह्यापुढे ग्रु.) पहिल्या वर्षापासून मी ग्रु.वर बोलत नाही, नुसती बघते आणि टिपून ठेवते. मॅडम ह्याला निरीक्षण म्हणतात, आई भोचकपणा. आता कसलं प्रकरण आणि कसलं काय.

८ फेब्रु., संध्याकाळ

बाहेर येऊन फोन सुरू केला तर हातात थरथरायला लागला. थांबेचना. पहिला कॉल दत्तूकाकांचा, बाबांच्या सख्ख्या भावाचा.

"वैशू, बॉडी कवा देतात गो?"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. वॉचमननं येऊन खाली बसवलं.

ग्रु. उघडला. बाबांचा तोच फोटो, भोवती फुलांची चौकट, खाली पणती. 'कै. बारकूदादा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' बॅनर नितीनदादाचा. ग्रु.चा अ‍ॅडमिन तोच, सापगावला त्याचं मोबाइलचं दुकान आहे. त्याच्याखाली सगळं गाव हात जोडून उभं.

लिहिलं, 'बाबा जिवंत आहेत.' त्याच्याखाली पुन्हा 'भावपूर्ण श्रद्धांजली' येतच राहिल्या. वरचं कोण वाचतं.

आत बाबा श्वास घेत होते. काचेतून दिसत होतं. तरी मी सारखी जाऊन बघत होते, कारण इतकी माणसं एकदम चुकीची असतील ह्यावर माझाच विश्वास बसेना.

११ फेब्रु.

नितीनदादाला फोन केला, चांगलं झापायचं म्हणून. तोच म्हणाला, "तुझ्या स्टेटसला फोटो बघला. दादा आजारी ते म्हायती होता. तुला फोन लावला, बंद. आईला लावला, बंद. तूच सांग, मानसानं काय समजावं?"

आमच्याकडे एकट्या माणसाचा फोटो स्टेटसला दोनदाच लागतो. वाढदिवसाला आणि गेल्यावर. वाढदिवसाला केक असतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. प्रकरण दोनमध्ये मीच ते ऐटीत लिहिलंय, मॅडमनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारलाय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आईला सांगितलं. ती डबा धुवायला घेऊन गेली आणि बराच वेळ आली नाही.

१६ फेब्रु., घरी

बाबा घरी आले. तीन ठिकाणी अडलंय, बायपास लागेल. १० मार्च तारीख दिलीय. तोवर जिना नाही, चालणं नाही, वजन नाही, चिडणं नाही.

लोक भेटायला येतात. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणतात, चहा अर्धा टाकून जातात. बाबांच्या तोंडाकडे कुणी सरळ बघत नाही. आम्ही बाबांना काही सांगितलं नव्हतं. मुरबाडची आत्या आली, तिनं सगळं सांगून टाकलं. जीपमध्ये कशी छाती बडवत आली ते, आणि गावानं सरणाची लाकडंसुद्धा नेऊन टाकली ते. हसत होती, रडत होती. "दादा, तुझं आयुष्य वाढलं रे!"

बाबापण हसले. मग फोन मागितला. लोकांनी काय काय लिहिलंय ते बघायचं होतं.

ग्रु. सापडेना. गेलेल्या माणसाचा नंबर नितीनदादा काढून टाकतो, ती पद्धतच आहे. ह्या गडबडीत परत घालायचा राहिला.

"काढला मला?" बाबा म्हणाले.

मी लगेच फोन केला, त्यानं लगेच घातलं, वर गुलाबाचं फूल पाठवलं. बाबांनी फोन पालथा ठेवला तो पुन्हा हातात घेतला नाही.

२० फेब्रु.

आज बाबांनी हट्टच धरला, मसणवटीत ने. नितीनदादाच्या गाडीवरून नेलं, मी मागून चालत. ओढ्याच्या कडेला शेडखाली रास पडलीय. आमच्याकडे माणूस गेलं की घरटी एक लाकूड येतं, मोठं-बारकं ज्याच्या त्याच्या ऐपतीनं. बाबांनी जन्मभर प्रत्येकाला दिलंय.

एकेक बघून हे कुणाचं ते ओळखत होते. "यो दत्तूचा. आंबा तोडला त्यानं माझ्यासाठी." आवाजात चक्क कौतुक. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

नितीनदादा म्हणाला, दादा, हे उचलून नेतो आम्ही, ज्याचं त्याला देतो.

"येडा हायस? सरनाचं लाकूड घरी नेतात? पडलं ते पडलं. माझ्या नावाचं हाय ते."

परत येताना गाडीवर मागे वळून वळून बघत होते.

२४ फेब्रु.

बाबा म्हणतात ऑपरेशन नको.

भीती वाटते का? नाय. मग काय? भिंतीकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "सगल्यांनी रडून घेतलं गो. मुरबाडवाली रडली, दत्तू रडला. जो मानूस माझ्याशी बोलत नव्हता तोपन लाकूड टाकून गेला. झाला ना सगला. आता परत कोन रडनार?"

मी भांडले. आई भांडली. दत्तूकाका येऊन शिव्या देऊन गेले. बाबा ऐकून घेतात, मान हलवतात.

केरात गोळ्या सापडल्या. आई दुपारी देते त्या. तोंडात धरतात आणि नंतर टाकतात.

माझ्या एका फोटोनं माणूस मारला आणि आता जिवंत करता येत नाही. ही बातमी मागे घ्यायला बटण नाही. सगळीकडे 'बाबा बरे आहेत' लिहिलं, व्हिडिओ टाकला, त्यात बाबा हात करतात. अंगठे आले. श्रद्धांजलीला लोकांनी मन मोकळं केलं होतं, जिवंत माणसाला नुसता अंगठा.

२७ फेब्रु.

आटगावहून गाडी धरून विद्यापीठात आमच्या विभागात गेले. मॅडमनी बाबांची चौकशी केली, मनापासून केली. मग सगळं ऐकून त्यांचे डोळे चमकले. वाईट बाई नाहीत. पण चमकले.

"वैशाली, हे सोनं आहे. फोटोपासून सरणापर्यंतची पूर्ण साखळी. कुणाला मिळत नाही असं फील्ड. तू त्या घरची नाहीस असं समजून लिही."

मी 'हो मॅडम' म्हणाले. दोन वर्षांची सवय.

घरी येऊन फाइल उघडली. 'प्रकरण ४ : मृत्यूची वार्ता.' पुढे एक ओळ नाही. आतल्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू येत होता, आणि मी त्यांना 'प्रतिसादक क्र. १' लिहायच्या बेतात होते. लाज वाटली.

३ मार्च

बाबांनी जेवण तोडलंय. पेज घेतात, तीपण आईसाठी. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. सांगितलं, तुम्ही ऑपरेशनला गेला नाहीत तर मी एम.ए. सोडीन, लॅपटॉप विकीन.

"सोड," म्हणाले. रागानं नाही. उद्या ऊन आहे म्हणावं तसं.

दहा तारखेला उचलून न्यायचं का? डॉक्टर म्हणतात, पेशंटची सही लागते. त्यांची तयारी नसेल तर आम्ही हात लावत नाही.

काय करू. खरंच काय करू. कुणी सांगावं, मी ते करीन.

६ मार्च

लिहायला हात वळत नाही, पण लिहिते.

सकाळी ठमाआजी गेली. वेशीजवळचं घर, एकटीच असायची. लेक शेवंतामावशी चार दिवस सेवेला आली होती. तिनंच ग्रु.वर टाकलं, 'माझी आई गेली.'

खाली काय आलं: 'नक्की का?' 'कन्फर्म करा.' 'मागच्या वेळेसारखं नको.' कुणीतरी हसरं तोंड टाकलं. नितीनदादानं लिहिलं, 'खात्री झाल्याशिवाय बॅनर नाही.' माणसं फोन बघून भाताच्या रोपांसाठी राब भाजायला शेतावर निघून गेली.

मी वाचत होते, बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. वाचून दाखवलं.

"कोन गेला तिकडं?"

"कोणीच नाही."

बाबा उठले. सदरा घातला, काठी घेतली. मी दारात आडवी उभी राहिले. डॉक्टरांनी काय सांगितलंय, छातीवर भार आला तर—

"गप. चल माझ्यासंगं."

आधी ठमाआजीकडे. मावशी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, एकटी. तिला रडायलासुद्धा कुणी सोबत नव्हतं. बाबांनी आजीच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडले. मग घरोघर. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, आत जायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. असंच सांगायचे म्हणे पूर्वी.

"ठमा गेली. मी बघून आलो."

बायका बाबांकडे बघून तोंडावर पदर घ्यायच्या. ज्याला श्रद्धांजली वाहिली तोच दारात उभा, दुसऱ्याची बातमी घेऊन. बाबा त्यांच्या बघण्याकडे लक्ष देत नव्हते. दोन घरं झाली की कुडाच्या भिंतीला धरून थांबायचे, ओठ निळे. मी म्हणायचे, पुढची मी सांगते. "तुझं कोन ऐकनार? तू फोनवाली."

हे लागलं. पण खरं होतं.

ऊन चढायच्या आत शेतावरची माणसंही परतली, सगळं गाव ठमाआजीच्या अंगणात. लाकडं आणायला माणसं वळली तर बाबा म्हणाले, "माझी पडलीत ती घ्या." कुणी हलेना. बाबांनी काठीनं दत्तूकाकांना ढोसलं. "घे म्हनतो ना. तिला द्या."

अग्नी दिला तेव्हा बाबा ओढ्यातल्या दगडावर बसले होते, घामानं भिजून. मी शेजारी.

७ मार्च, कल्याण

पहाटेच छातीत कळ. नितीनदादानं व्हॅन काढली. आई पुढे, मी मागे बाबांचं डोकं धरून. सारखी बोलत होते, काय बोलत होते देव जाणे.

डॉक्टर चिडले. चालला कोणाला विचारून? दहा तारखेपर्यंत थांबता येणार नाही, उद्याच. धोका वाढलाय, कालच्या चालण्यानं वाढलाय, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

कागद पुढे केला. मला वाटलं, आता परत तेच. बाबांनी पेन मागितलं आणि सही केली.

डॉक्टर गेल्यावर विचारलं, इतके दिवस नाही म्हणत होता, आज कसं काय?

मला वाटलं गावाचं काही सांगतील, ठमाआजीचं काही.

"दुखतंय गो," म्हणाले.

८ मार्च

सकाळी आत नेलं. स्ट्रेचरवर बारीक दिसत होते. आईच्या हातात कानातली बाळी काढून दिली. मला खुणेनं वाकवलं.

"गावात काय टाकू नको. बरं असो, वाईट असो. जाऊन सांग. दारात उभी राहा नि सांग. ऐकतील."

"तुम्हीच चला की घरी. तुम्हीच सांगा."

बाबा नुसते हसले. मग दार लागलं.

तेव्हापासून आम्ही बाकावर. सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ झालाय. विचारलं तर 'चालू आहे' म्हणतात. ग्रु. थांबत नाही. दत्तूकाका, आत्या, ज्यानं परवा हसरं तोंड टाकलं तोसुद्धा. 'काय झालं?' 'काहीतरी सांग.' नितीनदादा मला वेगळं लिहितो, 'वैशू, एक शब्द टाक, लोकांनी चुली पेटवल्या नाहीत.' शब्द नाही माझ्याकडे. 'बाबा' लिहिलं, खोडलं. मॅडमचाही मेसेज आहे, 'काळजी घे. प्रकरणाची घाई नाही.' बरं झालं.

मला देवाला काय सांगायचं ते येत नाही. मी फक्त म्हणतेय, ह्या फोनवालीला चांगली बातमी पोचवता येऊ दे, एकदा तरी.

आईला विचारलं, आधी कुणाच्या दारात जायचं?

आई समोरच्या दारावरून नजर न काढता म्हणाली, "आधी यो दार उघडू दे."