जांभळ्या स्वेटरची दुसरी बाही

सगळ्यात आधी आल्या त्या तपासणीच्या मोठ्या बाई. ठरल्या वेळेच्या तासभर आधी, आणि सांडपाण्याच्या प्लांटच्या फाटकातून आत न जाता थेट माझ्या दारात. (आमची खोली फाटकाला इतकी चिकटून आहे की पहिल्यांदा येणारा माणूस आमचीच बेल वाजवतो.) विहीणबाई, नमस्कार घालायच्या आधीच मी गोष्ट सुरू केली, रागावू नका, नमस्कार आहेच. तुमचे गुडघे काय म्हणतात? व्याह्यांचा खोकला गेला का? आम्ही सगळे ठीक आहोत. मी तर जरा जास्तच ठीक आहे, का ते कळेलच.

तुमची लेक (म्हणजे माझी सून, या पत्रात ती दोन्ही नात्यांनी येईल, गोंधळू नका) ज्या मशीनवर काम करते त्याला सेंट्रिफ्यूज म्हणतात. मी तिसरीत शाळा सोडली, एवढा शब्द लिहायला मला पाव तास लागला, म्हणून पुढे मी भोवराच म्हणणार. तिथले कामगारही तेच म्हणतात. साऱ्या गावाचं मोरीचं, न्हाणीचं आणि नको तिथलं पाणी शेवटी तुमच्या लेकीच्या पदरात पडतं. त्यातला गाळ टाकीत तळाला बसतो, पण तो असतो पातळ. तो भोवऱ्यात सोडला की एक आडवं पिंप मिनिटाला तीन हजार वेळा गरगरतं, गाळ भिंतीला चिकटतो, आतला स्क्रू त्याला ढकलत एका टोकाने बाहेर काढतो आणि पाणी दुसऱ्या टोकाने निघून जातं. कपडे पिळायच्या मशीनमध्ये चादर कशी कडेला चिकटून बसते, तसं. (सून म्हणते अगदी तसं नाही. पण तिने तीनदा समजावलं तरी मला चादरच दिसते.)

तर त्या दिवशी मोठ्या ऑफिसातून तिघं बघायला येणार होते. गाळ कोरडा निघाला तर भोवऱ्याची मुख्य म्हणून तुमच्या लेकीचं नाव कायम. ओला निघाला तर शेजारच्या टाकीवरचा तो उंच माणूस मुख्य होणार, ज्याला सगळे शिडी म्हणतात. शिडी माणूस चांगला आहे, पण मशीन बंद पडलं की तो आधी जेवून घेतो. सून आठवडाभर नीट झोपली नव्हती. आता मी म्हातारी यात काय करणार? पण भोवऱ्याच्या शेडमध्ये वारा असा सुटतो की कान गळून पडतील, आणि माझं आपलं एक मत आहे, गळा गरम असला की माणसाच्या हातून वाईट शेरा लिहिला जात नाही. म्हणून मी तिघांसाठी तीन मफलर विणायला घेतले.

लोकर नव्हती. इथे तुम्ही जरा पाणी प्या आणि मग पुढे वाचा. तुम्ही मला गेल्या वर्षी जो जांभळा स्वेटर विणून पाठवलात तो सुंदरच होता, फक्त त्यात मी मावून वर आणखी एक विहीण मावली असती. तो मी उसवला. एक बाही मात्र (उजवी, चहा नेहमी तिच्यावरच सांडतो) धुऊन धुऊन इतकी घट्ट झाली होती की धागा सुटेना, म्हणून कात्रीने बारीक तुकडे केले. ते कचऱ्यात टाकले असते तर कचरा सूनच बाहेर नेते, तिने आपल्या आईची लोकर लगेच ओळखली असती. म्हणून मी रोज थोडे थोडे संडासात टाकून पाणी ओतलं. घरात तिचा एकच नियम आहे, संडासात पाण्याशिवाय काही जाता कामा नये. पण मला वाटलं, ते पाणी एवढं गाव फिरून येतं, त्यात एका बाहीचं काय एवढं.

तर मोठ्या बाई आल्या, मागून वहीवाले आणि बाटलीवाले आले (एकाच्या हातात सतत वही, दुसऱ्याच्या नमुन्याच्या बाटल्या). मी चहा पाजला आणि मफलर पुढे केले. मोठ्या बाई म्हणाल्या, "आजी, आम्हाला काही घेता येत नाही, पण थंडी आहे, वापरायला घेतो." तिघांनी गळ्याला गुंडाळले आणि मलाही म्हणाले, चला बघायला. मला वाटलं होतं कोटाच्या आत घालतील. वरून घातले. सुनेने तिघांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताचे पत्रे मोजले.

भोवरा सुरू झाला. आधी छान गुणगुणत होता. मग थरथरायला लागला, मग पायाखालची जमीन थरथरली, आणि लाल दिवा लागून तो आपणहून बंद पडला. शिडी डबा शोधायला गेला. सून मात्र जागची हलली नाही. पिंप पूर्ण थांबेपर्यंत तिने कुणाला हात लावू दिला नाही, मग वीज तोडून कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली, आणि गाळ आत नेणारी मधली नळी खेचून बाहेर काढली. विहीणबाई, त्या नळीला हातभर लांब, मनगटाएवढी जाड, जांभळी वेणी गुंडाळलेली होती. पाणी प्लांटमध्ये शिरतं तिथे कचरा अडवायला जाळी असते, तिच्यातून तुकडा तुकडा निसटून आत गेला होता आणि आत जाऊन पुन्हा सगळा एकत्र आला होता. माझ्यापेक्षा घट्ट विणलेला.

मग वहीवाल्यांनी हळूच आपला मफलर चाचपला. मग बाटलीवाल्यांनी. मोठ्या बाईंनी विचारलं, "ही लोकर कुठली?" मी म्हणणार होते की हा रंग हल्ली सगळीकडे मिळतो. पण तुमची लेक म्हणाली, "आमच्याच घरातली. चूक आमची आहे, तशीच लिहा." वहीवाल्यांनी लिहिलं. मुख्य व्हायचं होतं ते तिला, आणि पाण्यात घातलं होतं ते मी.

मग तिने नळी घासली, आतून धुऊन घेतलं, गाळाला घट्ट करणारं ते चिकट औषध थोडं वाढवलं आणि दीड तासात भोवरा पुन्हा सुरू केला. एका टोकाने निवळ पाणी, दुसऱ्या टोकाने भुसभुशीत गाळ. मोठ्या बाईंनी हातमोजा घालून मूठ आवळली, तर एक थेंब सुटला नाही. बाटलीवाले म्हणाले, धडधाकट मशीन कुणीही चालवेल, बंद पडलेलं सुरू करणारं माणूस हवं. तेवढ्यात शिडी जेवून आला आणि त्याने विचारलं, "सुरू झालं का?"

रात्री सून मला एवढंच म्हणाली, "आई, कात्री कुठे ठेवता तुम्ही?" ती आता तिच्या कपाटात आहे. तुम्ही मात्र तिला काही विचारू नका, आणि माझ्यावर मनातल्या मनात रागवा. व्याह्यांना नमस्कार.

तुमची विहीण

ता. क. खरं पत्र इथून आहे. पाहुणे मफलर परत करणार आहेत, ते उसवून मी तुमचा स्वेटर पुन्हा विणते, या वेळी माझ्या मापाचा. फक्त एका बाहीपुरती जांभळी लोकर पाठवा. आणि गळ्याची वीण कशी होती तेही लिहा, उसवताना पाहायचं राहिलं.

आणखी एक. पाकीट टपालात टाकायला सुनेकडे दिलं होतं. तिने ते उघडून वाचलं. म्हणते, "आईला लिहा, लोकर पाठवू नको." वेणी तिने तीनदा धुऊन, उकळून बरणीत ठेवली आहे, गावातल्या बायकांना दाखवायला, संडासात काय टाकू नये म्हणून. दाखवायला जायचं मी. आणि सगळ्यांना दाखवून होईपर्यंत, म्हणते, स्वेटर एका बाहीचाच घालायचा.

आणि शेवटचं. निघताना मोठ्या बाई सुनेचा हात हातात घेऊन म्हणाल्या, कागदावर सही बाकी आहे, नाव बदलणार नाही, तोवर आजींनी काही विणू नये. कागद आणि मफलर घेऊन येत्या गुरुवारी येतो म्हणाल्या.