टेसाची शपथ

५ जानेवारी, रविवार

निवडून आली! आली नोव्हेंबरातच म्हणा, पण मला रोज सकाळी नव्याने कळतं. आमची टेसा, माझ्या मार्विनची पोर, काउंटीची, म्हणजे आमच्या अख्ख्या जिल्ह्याची, कमिशनर! पहिल्या महायुद्धात काउंटीच्या याच कोर्टापुढे गावाने माझ्या सासऱ्यांना डांबर फासलं होतं, बंदूक धरणार नाही म्हणाले म्हणून. आणि आता त्याच इमारतीत, आतल्या खुर्चीत आमची पोर!

मीसुद्धा जन्मात पहिल्यांदा मत दिलं. माझा नवरा जेकब असता तर म्हणाला असता, "अगं आगाता, सरकारशी आपला काय संबंध?" असू दे. तो वर आहे, त्याला इथलं काय कळतंय.

चर्चमध्ये बहिऱ्या पेनरने तीनदा विचारलं, कोण निवडून आलं? तीनदा सांगितलं. चौथ्यांदा न विचारताच सांगितलं.

८ जानेवारी, बुधवार

एकच धास्ती आहे. सोमवारी शपथविधी. तिथे सगळे बायबलवर हात ठेवून शपथ घेतात. आम्ही मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती बंदूक धरत नाही, तशी शपथही वाहत नाही. येशूने नको म्हटलंय, तर नको! नुसतं वचन द्यायचं — कायद्यालाही ते चालतं. पण टेसा विचिटाला कॉलेजात गेली तेव्हापासून चर्चला नाताळापुरतीच येते. तिच्या लक्षात असेल का? तिथेच हात ठेवून मोकळी झाली तर आमची म्हणून काय उरलं तिच्यात?

विचारायला फोन लावला, आणि विचारलं काय, तर लोकरी मोजे पाठवू का! "आजी, अगं मोज्यांनी कपाट बंद होत नाहीये माझं," म्हणाली. फोन ठेवला. घाबरट मी.

१२ जानेवारी

निळ्या झग्याला इस्त्री केली. प्रार्थना केली. परत इस्त्री केली.

१३ जानेवारी, सोमवार

नाही घेतली! शपथ नाही घेतली!

जजने ते जाडजूड बायबल पुढे धरलं. टेसा म्हणाली, "नको, जजसाहेब. मी वचन देते." हात खाली, आवाज खणखणीत. मागे कुजबुज सुरू. मी उठून टाळ्या वाजवल्या — एकटीच! मार्विन बाही ओढतोय, "आई, बस ना खाली." बसते कशाला!

बाहेर डॅरल हॅस्केट गरजत होता. हायवेवरच्या मोठ्या चर्चचा तो, टेसाने ज्याला हरवलं. "देवाच्या पुस्तकाला हात लावायची लाज वाटते हिला! हा देश देवाचा आहे!"

मी म्हटलं, "डॅरल, शपथ वाहू नये हे त्याच पुस्तकात लिहिलंय. नुसतं धरतोस, की कधी उघडतोससुद्धा?"

लोक फिदीफिदी हसले. तो लाल. "आजीबाई, तुमचं वय झालंय म्हणून ऐकून घेतोय—"

"वय झालंय म्हणूनच अख्खं वाचून झालंय!"

काय मजा आली! मी शाळेत सहावीपर्यंत, तीही रडतखडत, आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर भांडले! टेसाने मात्र माझा हात घट्ट धरला. "आजी, घरी येऊन बोलते." आनंद निवांत सांगायचा असणार तिला.

१४ जानेवारी

पास्टर श्रागांचा फोन. रविवारी टेसाने चर्चमध्ये चार शब्द बोलावेत म्हणे. "पोर घरी परतली, आगाता." मी पीठ मळत होते, तशीच रडले. त्स्वीबाक केले, पावावर पाव बसवून. वरचे सगळे कलंडले आज! कलंडेनात का. अर्धे शेजारी वाटून आले, आणि वाटताना सगळी गोष्ट प्रत्येक दारात पहिल्यापासून.

१६ जानेवारी

टेसा जेवायला आली. तिच्यासाठी वेरेनिके केले होते, चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या. बसायच्या आधीच म्हणाली, "आजी, मी ते येशूसाठी नाही केलं. मी देव मानत नाही. जे मानत नाही त्यावर हात ठेवून खोटं कसं बोलू? रविवारी मी नाही येणार."

मी म्हटलं, बस, वेरेनिके गार होतायत.

जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली आणि मध्येच डोळे उघडले. असं कधी केलं नव्हतं. तिचे उघडेच होते. हात जोडून शांत बसली होती, माझं संपायची वाट बघत. लहानपणापासून अशीच बसत असणार. मी पाहिलंच नव्हतं कधी.