मूळव्याध म्हणालात तुम्ही

बाबा, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात. "मूळव्याध आहे गं, स्कूटरच्या सीटची कृपा," म्हणालात आणि मी वेडी खरं धरून चालले. कॉलेजातली घोडी मी, मूळव्याधीला सुरण चांगलं असं कुणीतरी सांगितलं म्हणून बाजारातून गड्डा आणते, सोलताना हात खाजून लाल होतात, चिंच घालून भाजी करते. तुमच्या तोंडाची चव पार गेलेली, तरी तुम्ही भाजी मागून घेता, छान झालीय म्हणता. शेजारी आई ताक घुसळत असते, मान वर करत नाही. रक्त जातंय का, असं एकदा विचारलं तर केवढे खेकसलात माझ्यावर. मुलींनी असल्या चौकशा करू नयेत म्हणे. त्या दिवाळीआधी तुम्ही गेलात.

इथे अमेरिकेत, नोव्हायला, प्रत्येक तपासणीत विचारतात, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का. मी ठणकावून नाही म्हणत आले. कोलोनोस्कोपी गेल्या महिन्यात केली. आतड्याच्या अस्तरावर पॉलिप निघाले, म्हणजे मांसाचे कोंब. लहान होते ते तिथल्या तिथे काढले. एक मोठा होता, त्यात कॅन्सर निघाला. पुढच्या आठवड्यात आतड्याचा तेवढा भाग काढणार आहेत.

आत्याला फोन करून सांगितलं तर ती रडायलाच लागली. "अगं, दादाला हेच होतं. मूळव्याध कसली? तुझ्यासाठी स्थळं बघत होतो ना तेव्हा. घराण्यात असलं काही आहे कळलं असतं तर कोण आलं असतं दारात? शपथ घातली होती त्यानं आम्हा सगळ्यांना."

डॉक्टरबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी माहीत असतं तर तुम्हाला चाळिशीतच बोलावलं असतं, बहुतेक नुसता कोंब असतानाच निघाला असता. माझं लग्न झालं बाबा, चांगलं झालं. पण तुम्ही मला फसवलंत, आणि आई, आत्या, सगळे तुम्हाला सामील होते. फार राग आलाय मला तुमचा. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहितेय. कुठे पाठवणार हे?

लेकीला यातलं काहीच ठाऊक नाही. तिनंही आता वेळेवर तपासून घ्यायला हवं, हे डॉक्टरबाईंनी मला दोनदा बजावलंय. ती रोज विचारते, "मम्मा, रिपोर्ट्स ओके ना?" मी म्हणते, हो गं, रुटीन होतं. रविवारी तिच्या होणाऱ्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला येतायत. तेवढा रविवार होऊन जाऊ दे, मग सांगते तिला.