वाळलेल्या गवताचा रंग

२ फेब्रुवारी, सोमवार

सुतारकाकांचा फोन. बरोबर साडेदहाला. दर सोमवारी असतो तसाच.

"इंजिनिअरीणबाई, चार पटाश्या सांगितल्यात, चार मजली इमारत नाही."

"होतील, काका."

"होतील गं. माझं एकाहत्तर संपत आलंय, म्हणून आपलं विचारलं."

ऑर्डर देऊन चौदा महिने झाले. त्यांच्यामागे यादीत आणखी तीस जण आहेत. रागावत कोणीच नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. लाकूड तासायची पटाशी बाबांच्या हातची हवी तर थांबावं लागतं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलंय. फक्त हात आता बाबांचा नाही. खांदा मोडल्याला दीड वर्ष झालं. हातोडा मी उचलते. हे कोणाला सांगितलेलं नाही.

टेस्टिंग लॅबच्या नोकरीचं पत्र टेबलावर आहे. अठ्ठावीस तारखेच्या आत उत्तर द्यायचंय. हो म्हटलं तर एकतीस जणांना नाही म्हणायचं आणि भट्टी विझवायची.

४ फेब्रुवारी

आजच्या चार पात्यांचा कडकपणा, मशीनवर मोजलेला: सत्तावन्न, चौसष्ट, एकोणसाठ, बासष्ट. हवा साठ-एकसष्ट. सत्तावन्नची धार वळते, चौसष्टचा टवका उडतो. चारही बाद.

चुकतं ते शेवटच्या टप्प्यावर. पातं लाल करून बुडवायचं, मग पुन्हा हलकं तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. आम्ही कॉलेजात याला दोन वेगळी नावं शिकलो. बाबा सगळ्याला मिळून "पाणी देणं" म्हणतात. पुस्तकातलं तापमान पाळायला मी विजेची भट्टी बसवली, तिला डिजिटल मीटर लावलं. पण बाबांचं लोखंड म्हणजे जुन्या कानशी आणि गाड्यांच्या स्प्रिंगचे पाटे. प्रत्येक तुकड्याचं पोट वेगळं. एकच आकडा सगळ्यांना चालत नाही.

बाबांच्या जुन्या पटाश्या तपासल्या. सहाच्या सहा साठ-एकसष्ट. या माणसाने थर्मामीटर ताप आल्यावरसुद्धा लावलेला नाही.

आई पुन्हा चहा घेऊन दारात. पुन्हा सांगावं लागलं: दार लाव, रीडिंग हलतं. कप उंबऱ्यावर ठेवून गेली.

५ फेब्रुवारी

बाबांची जुनी पटाशी आज मोजायची म्हणून घेतली आणि मोजायची सोडून वापरत बसले. रुंदी टोकाला अठरा पूर्णांक तीन मिलिमीटर, बुडाशी सतरा पूर्णांक आठ. मापात चूक. हातात बरोबर. मूठ तळव्यात अशी बसते की अंगठा कुठे ठेवायचा हे विचारावं लागत नाही. सागाच्या आडव्या कापावरून नेली तर चर्र असा एकच आवाज, आणि मागे काचेसारखा पृष्ठभाग. दुकानातल्या पटाशीने लाकूड निघतं. हिने लाकूड सुटतं.

या "सुटतं"ला एकक नाही. लोक चौदा महिने थांबतात ते त्याच्यासाठी.

८ फेब्रुवारी

शेवटी बाबांना विचारलं. सोपं नव्हतं.

"रंग बघ," म्हणाले. "तापताना रंग चढतो. वाळलेल्या गवताचा झाला की काढायचं."

मी पद्धतशीर गेले. एकाच सळईचे आठ तुकडे घासून चकचकीत केले. दोनशे अंशांपासून दहा-दहाच्या फरकाने तापवले. फिक्या पिवळ्यापासून तपकिरी, मग जांभळा. मागे नंबर घातले. बाबांसमोर ओळीने मांडले.

"यातला वाळलेल्या गवताचा कुठला?"

बराच वेळ बघत राहिले. मग पाच नंबरवर बोट ठेवलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

पाच नंबरच्या रंगाला काढलेली पाती: सगळी मऊ.

तुकडे पुन्हा बाबांसमोर ठेवले, क्रम बदलून. आज तीन.

सुतारकाका फोनवर: "मुठीला शिसम लाव. माझ्या तिरडीला काही पण लावा."

११ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा. सहा.

बाबा चिडले. "तीस वर्षं काम केलंय मी. पोरखेळ लावलाय." उठून गेले. जाताना पायात एक मोजा तपकिरी, एक हिरवा.

काल बाबांनी बाजारातून किलोभर टोमॅटो आणले, सगळे कच्चे. आई त्यांच्या हातातून पिशवी घेऊन आत गेली.

हे नीट लिहून ठेवते, कारण कोणाशी बोलता येणार नाही. बाबांचं डोकं साथ देत नाहीये. रंग त्यांच्याबरोबरच संपणार.

१४ फेब्रुवारी

बाबांना डॉक्टरांकडे नेलं. खांद्याचं निमित्त केलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबा माझ्या आधी दोनवर पोचले.

"यांना काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही झोपता का नीट?"

रिक्षात बाबा म्हणाले, "तुझीच तपासणी करायला हवी होती."

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी पाच पाती. पाचही बाद. काकांचा फोन उचलला नाही. मनगट सुजलंय.

१७ फेब्रुवारी

नोकरीला होकाराचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही. यादीतल्या एकतीस जणांना काय लिहायचं त्याचा मसुदा केला. चौथ्या ओळीपुढे जाईना.

१९ फेब्रुवारी

आठ तुकडे टेबलावर तसेच पडले होते. आई धूळ पुसायला आली. मी उठलेही नाही. तिने ते एका बाजूला सारले, पुन्हा पाहिले, आणि एक उचलून माझ्यापुढे ठेवला.

"वाळलेलं गवत हे. पण कानशीचं लोखंड असेल तर याच्या जरा नंतर काढायचं. पाट्याचं असेल तर जरा आधी."

मागे नंबर पाहिला. चार.

"तुला कसं माहीत?"

"तीस वर्षं 'आता' कोण म्हणत होतं? ह्यांना लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. लग्नाआधीपासून. हातोडा ह्यांचा, डोळा माझा."

"मग बाबांनी सांगितलं का नाही?"

"पुरुषाने लोहारकाम करायचं आणि रंग बायकोला विचारायचा. सांगतील होय?"

"तू तरी."

ती फडकं झटकत होती. "मी रोज तर येत होते दारात. तू म्हणालीस, दार लाव, आकडा हलतो. शिकलेल्या माणसाचा आकडा कशाला हलवायचा."

काय बोलायचं असतं ते मला ठाऊक होतं. आलं नाही.

२० फेब्रुवारी

मीटर बंद. बाबांची कोळशाची भट्टी पेटवली. ऊन थेट पात्यावर पडू नये म्हणून खिडकीला पोतं लावलं, दार उघडं ठेवलं. आई माझ्या डाव्या हाताला स्टुलावर.

तिचं लक्ष पात्यावर. माझं तिच्यावर. पात्यावर असायला हवं होतं.

"थांब. थांब. आता."

एकसष्ट, साठ, साठ, एकसष्ट.

बाबा बाहेर पेपर वाचत होते. एकच पान, तासभर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मीच काकांना फोन केला. साडेदहाच्या आधी. पटाश्या झाल्या म्हणून सांगितलं.

"येतो," म्हणाले. "पोस्टाने नको. बुधवारी येतो."

२५ फेब्रुवारी

काका आले. स्वतःचं लाकूड पिशवीतून आणलं होतं. पटाशी आधी नखावर टेकवली, मग लाकडाला लावली. चर्र. सालपट उचलून उजेडात धरलं. चारही पटाश्या तशाच करून पाहिल्या, घाई न करता. मग मान वर न करता म्हणाले, "ह्या माणसाच्या पाण्याला तोड नाही."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी आईकडे.

"चहा घे," बाबा काकांना म्हणाले.

आईने कप पुढे केला. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. मला कोणाचाच येत नाही, पण तिचा कधी वाचून पाहिला होता असंही नाही.

जाताना काका आणखी दोन सांगून गेले, नातवासाठी. "नातू नऊ वर्षांचा आहे. म्हणजे तुम्हाला वेळेत जमेल."

२६ फेब्रुवारी

लॅबला नकार कळवला. दोन ओळी. कारण लिहिलं नाही.

यादीतल्या पुढच्या तिघांना तारखा दिल्या. पहिल्यांदाच खऱ्या.

२८ फेब्रुवारी

आज सहा पाती. सहाही आईच्या "आता"ला काढली. मशीनवर चौसष्ट, चौसष्ट, पासष्ट. पुढची लावली नाहीत. कडकपणा आधीच माहीत असलेल्या प्रमाण-तुकड्यावर यंत्र तपासलं. यंत्र बरोबर.

आईला आकडा सांगितला नाही. तिने विचारलाही नाही. चष्मा काढून पदराने पुसत होती, मघापासून पुसतच होती.

"उजव्याने अजून कळतं," म्हणाली. "डाव्या डोळ्याला हल्ली सगळंच वाळलेलं गवत दिसतं."